मदत हवी आहे: मे महिन्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात लेकीसाठी निसर्गशिबिर आणि माझ्यासाठी काहीतरी काम

चिंचेचं_बुटुक

नमस्कार मंडळी,

आम्ही दहिसर पूर्वेला राहतो. गॅलरीत उभं राहिलं की पार्काचा डोंगर दिसतो. पावसात हिरवा, आत्ता एप्रिलमध्ये खाकी. इतक्या वर्षांत आत किती वेळा गेलो याचा हिशोब केला तर लाज वाटते. एकदा वनराणीत, म्हणजे पार्कातल्या छोट्या आगगाडीत बसलो, दोनदा कान्हेरीच्या लेण्यांना गेलो आणि एकदा पाहुण्यांना फिरवलं. संपलं.

लेक अकरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी सुट्टी संपता संपता, जूनच्या पहिल्या आठवड्यात, तिला कर्जतकडच्या एका खासगी 'जंगल कॅम्प'ला पाठवलं (नाव लिहीत नाही, विचारू नका). तीन दिवस रेन डान्स, दोरीवरून लोंबकळणं, रात्री स्पीकर लावून नाच. जंगल म्हणजे शेवटच्या सकाळी अर्धा तास चालणं, तेही सर फोनवर बोलत पुढे आणि पोरं मागे. लेकीला मजा आली, खोटं कशाला बोलू. पण काय पाहिलंस विचारल्यावर म्हणाली, "आई, एक काळपट लाल किडा होता, लांब, खूप पाय. काडी लावली की गोल गुंडाळायचा. सरांना नाव विचारलं तर म्हणाले, चल पुढे." तो किडा अजून तिच्या डोक्यातून गेलेला नाही. नाव कोणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही.

म्हणून या वर्षी असं काहीतरी हवंय जिथे थांबून बघू देतात. पार्कात मे महिन्यात मुलांसाठी काय असतं? चौकशी कुठे करायची? मुळात मे महिन्यात जंगलात बघण्यासारखं काही असतं, की नुसतं ऊन खाऊन परत यायचं?

दुसरं माझ्याबद्दल. दर शनिवारी सकाळी मला तीन-चार तास मिळतात. पार्कासाठी नियमित काही काम करायची इच्छा आहे. बॅनरमागे टोपी घालून उभं राहायचं, फोटो काढायचा आणि नाश्ता करून घरी यायचं, असलं काम ऑफिसतर्फे दोनदा केलंय. ते नको.

तिसरं म्हणजे सासूबाई. "बिबट्याच्या तोंडात पोरगी द्यायची आहे का?" एवढं एकच वाक्य त्या आठवडाभर म्हणतायत. त्यांना काय सांगू?

---

रानपिंगळा

आधी किड्याचं. तो वाणी. काही भागांत पैसा म्हणतात, गुंडाळल्यावर नाण्यासारखा दिसतो म्हणून. पहिल्या सरी पडल्या की जमिनीतून वर येतो, पालापाचोळा खातो, त्याची माती करतो. चावत नाही. मात्र डिवचला की अंगातून एक द्रव सोडतो, त्यामुळे हाताळल्यावर डोळे चोळायचे नाहीत, हात धुवायचे. गोम वेगळी, ती चपटी असते, सुळकन पळते आणि चावते. लेकीला सांगा, प्रश्न एकदम बरोबर होता.

आता पार्क. आत निसर्ग माहिती केंद्र आहे. मुलांचे कार्यक्रम, निसर्गफेऱ्या, शिबिरं यांची चौकशी तिथे करायची. फोनवर फार विसंबू नका, एक दिवस सकाळी स्वतः जा. सोमवारी पार्क बंद असतो, हे विसरून मी स्वतः दोनदा गेटवरून परत आलोय. शिलोंड्याच्या वाटेसारख्या फेऱ्या परवानगीने आणि मार्गदर्शकासोबतच होतात, आपलं आपण घुसायचं नाही.

मे महिन्यात काय दिसतं? लोक पावसात जातात आणि हिरवं बघून खूश होतात. हिरव्यात दिसत काहीच नाही हो! हे पानगळीचं जंगल आहे. आत्ता पानं नाहीत म्हणून झाडाचा सांगाडा दिसतो, घरटी दिसतात, पक्षी दिसतो. ऐनाची साल बघा, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. कांडोळ तर उन्हाळ्यातच बघावा, पांढराफटक, पान नाही, संध्याकाळी भुतासारखा उभा. बहावा आणि तामण फुललेले असतात. तामण म्हणजे आपलं राज्यफूल, किती जणांना ओळखता येतं? करवंदं, जांभळं पिकायला लागतात. दुपारी सिकाडा किडे असे कर्कश ओरडतात की बोललेलं ऐकू येत नाही. पावशा पक्ष्याचं 'पेर्ते व्हा' सुरू असतं. महिना संपता संपता नवरंग पक्षी येतो, दिसायच्या आधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. आटत चाललेल्या ओढ्यात उरलेल्या डबक्याजवळ झाडाआड अर्धा तास गप्प बसा. अख्खं जंगल पाण्याला येतं.

तो अर्धा तास गप्प बसवणारा मार्गदर्शक मिळाला तर शिबिर चांगलं. नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका माणसामागे मुलं किती? (पंधराच्या वर असतील तर सोडा.) सकाळी किती वाजता सुरू? नऊ म्हणाले तर जंगल झोपल्यावर जाणार आहात. आणि पाऊस पडला किंवा कोणी पडलं तर काय व्यवस्था?

---

तळ्यात_मळ्यात

ताई, मुलीला घेऊन बीजगोळे करा! आम्ही सोसायटीत दरवर्षी आंब्याच्या कोयी, चिंचोके, गुलमोहराच्या बिया मातीत वळतो आणि जूनमध्ये डोंगरावर फेकून येतो. मुलांना खूप आवडतं, खर्च शून्य.

---

ठाण्याचे_काका

तळ्यात_मळ्यात, भावना पोहोचली, पण नॅशनल पार्कात हे कृपा करून करू नका. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तिथे साग, ऐन, कळंब, मोह हजारो वर्षं स्वतः बिया टाकतायत, त्यांना आपल्या कोयींची गरज नाही. उघड्या माळावरही स्थानिक झाड कोणतं ते विचारून करा. उलट बाजूही लक्षात ठेवा. पार्कातून बी, पीस, पान काही घरी आणायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली राष्ट्रीय उद्यानातून असं काही नेता येत नाही. करवंदंसुद्धा बघायची, पाखरांसाठी ठेवायची. (माझी नात या मुद्द्यावर माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती.)

बुटुकताई, कामाबद्दल सांगतो. मी निवृत्त झाल्यापासून पार्कात ठाण्याकडच्या येऊरच्या बाजूने जातो. उन्हाळ्यातलं सगळ्यात खरं काम वणव्याचं. वाळलेलं गवत, पाचोळा, त्यात कोणीतरी टाकलेली विडी. जाळरेषा काढणं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून वाळकं गवत काढून पट्टा मोकळा करणं, हे वनखातं फेब्रुवारी-मार्चपासून करतं. आपल्यासारख्यांनी आग विझवायला धावायचं नसतं, ते प्रशिक्षित माणसांचं काम. आपण धूर दिसला की कळवायचं. वनविभागाचा 1926 हा क्रमांक फोनमध्ये ठेवा.

दुसरं काम रोपवाटिकेचं. पिशव्यांत माती भरणं, रोपं हलवणं, पाणी घालणं. कंटाळवाणं आहे, फोटो येत नाही, म्हणून माणसं टिकत नाहीत. मागे एका शनिवारी बावीस जण आले होते, चौथ्या शनिवारी आम्ही तिघं होतो. तिसरं प्लास्टिक. कान्हेरीच्या रस्त्याकडेला आणि ओढ्यांत बघवत नाही. उन्हाळ्यात ओढे कोरडे असतात तेव्हाच हे उचलायचं. पाऊस लागला की सगळं दहिसर नदीत. तुळशी तलावाकडून निघणारी ती नदी तुमच्याच घराजवळून समुद्राला जाते, म्हणजे एका अर्थी तुमच्याच दारातलं काम आहे.

वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन सांगा, "मी दर शनिवारी येईन, काय करू?" पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवणार नाही. तिसऱ्यांदा ठेवतील.

---

चिंचेचं_बुटुक

वाणी! लेकीला धागा वाचून दाखवला. तिने वहीत मोठ्या अक्षरात 'वाणी (पैसा)' लिहून खाली रेघ मारली. रानपिंगळा, खूप आभार.

काका, माती भरायला माझी तयारी आहे. पण बिबट्याचं कोणीच बोललं नाही. सासूबाई मागून वाचतायत.

---

पाड्यावरची

माझं माहेर पार्काच्या हद्दीतल्या पाड्यावरचं, आम्ही वारली. आमच्याकडे वाघोबाचं, म्हणजे वाघदेवाचं ठाणं आहे, वर्षातून एकदा त्याला नारळ, कोंबडा असतो. बिबट्या आहे हे धरूनच आम्ही जगलो. आज्जी अंधार पडल्यावर एकटीने पाण्याला कोणाला जाऊ द्यायची नाही, आणि गेलंच तर मोठ्याने बोलत जायचं. परसाकडे बसायला जाताना सोबत कोणीतरी उभं राहायचंच, कारण खाली बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, छोटं जनावर वाटतं.

तुमच्या आजींना सांगा, पोरगी दिवसा गटातून जाणार, मोठ्या माणसांच्या मध्ये चालणार, मागे रेंगाळणार नाही. एवढं पाळलं तर घाबरायचं कारण नाही. बिबट्या तुमच्या आधी तुम्हाला बघतो आणि निघून जातो. दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, लहान मुलाला उचलून घ्यायचं आणि सावकाश मागे यायचं.

---

रानपिंगळा

पाड्यावरची यांनी सांगितलं ते सोन्यासारखं. त्यात आकड्यांची भर घालतो. 2018 च्या कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) पाहणीत पार्क आणि आजूबाजूच्या पट्ट्यात 47 बिबटे नोंदले गेले, 2015 मध्ये 35 होते. पार्क साधारण 104 चौरस किलोमीटर आणि चहूबाजूंनी इमारती. बिबट्या कडेकडेने फिरतो त्याचं मोठं कारण भटकी कुत्री, आणि कुत्री येतात आपल्या कचऱ्यामुळे. म्हणजे बुटुकताई, दहिसरला सोसायटीचा कचरा वेळेवर उचलला जातो की नाही हे बघणं हेसुद्धा पार्काचंच काम. 2011 पासून वनविभागाने अभ्यासकांना आणि साध्या मुंबईकरांना घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क, आपला हाच पार्क) हा उपक्रम चालवला, त्यात स्वयंसेवक वस्त्यांत आणि शाळांत जाऊन हेच बोलायचे. तुम्हाला बोलायला आवडत असेल तर अशा जनजागृतीच्या कामाबद्दलही विचारा, मातीच्या पिशव्यांपेक्षा वेगळी मजा आहे.

मे महिन्यात खरी भीती बिबट्याची नाही, उन्हाची आणि खाजकुयरीची. तपकिरी मखमली शेंगा वेलीवर दिसल्या की मुलीला लांब ठेवा. लागलीच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून कुसं उचलायची, मग धुवायचं. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, बंद बूट. माणशी दोन लिटर पाणी. माकडांपुढे खाऊची पिशवी काढायची नाही.

---

फळा_खडू

मी शाळेत शिकवते. शिबिर नाही मिळालं तरी हातपाय गाळू नका. 'सीझनवॉच' म्हणून देशभर चालणारा उपक्रम आहे. आपलं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला बघून लिहायचं: पालवी किती, कळ्या, फुलं, फळं. आमच्या वर्गातल्या एका पोराने शाळेमागच्या बहाव्याची वर्षभर नोंद ठेवली, त्याला आता त्या झाडाबद्दल माझ्याहून जास्त कळतं. पार्कात चालायला जाणार असाल तर तिथलंच एखादं घ्या, नाहीतर सोसायटीतला आंबा चालेल. नावं शोधायला 'सीक' ॲप लहान मुलांसाठी बरं, खातं उघडावं लागत नाही.

बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) गोरेगावचं केंद्रही विचारून बघा, फिल्मसिटीशेजारी, पार्काला लागूनच आहे. संस्था 1883 पासूनची आणि मुलांच्या बाबतीत अनुभवी. उन्हाची फारच काळजी असेल तर ऐरोलीचं खाडीकेंद्र. फ्लेमिंगो साधारण मे अखेरपर्यंत असतात, पण बोट भरतीच्या वेळेवर, त्यामुळे आधी वेळ विचारून जा. 22 मे जैवविविधता दिन, 5 जून पर्यावरण दिन, या दोन तारखांच्या आसपास सगळीकडेच कार्यक्रम निघतात. 5 जूनचे शक्यतो टाळा. त्या दिवशी झाडांपेक्षा भाषणं जास्त लावतात.

---

चिंचेचं_बुटुक

पंधरा दिवसांनी आले, उशिराबद्दल माफ करा.

बुधवारी माहिती केंद्रात जाऊन आलो. लेकीचं नाव एका सकाळच्या फेरीसाठी नोंदवलं, वेळ साडेसात. एका मार्गदर्शकामागे किती मुलं, हे मी विचारायच्या आत तिनेच विचारलं. उत्तर बारा मिळालं. माझ्याबद्दल परिक्षेत्र कार्यालयात सांगितलं, काकांनी लिहिलं होतं तसंच झालं, "बरं, बघू" म्हणाले. पुढच्या शनिवारी परत गेले तर हातात खुरपं दिलं. दोन तासांत एकशे चाळीस पिशव्या भरल्या. पाठ गेली. बाजूला एक आजोबा होते, एक शब्द बोलले नाहीत, जाताना फक्त म्हणाले, "खताचं प्रमाण कमी ठेवा." ते ठाण्याचे काका नव्हते ना?

सासूबाईंना 'पाड्यावरची' यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. आता त्या म्हणतायत की मीही येते, माझं बालपण गुहागरला गेलं, मला काय बिबट्याचं सांगताय. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे नवीन प्रश्न: पार्कात त्यांना चढ न चढता सावलीत बसून पक्षी बघता येतील अशी जागा कुठे आहे? आणि कांडोळ नक्की कोणत्या वाटेवर दिसेल? लेकीने वहीत त्याच्यासाठी एक अख्खं पान कोरं ठेवलंय.

---

ठाण्याचे_काका

मी नव्हे. मी खताबद्दल एवढं कमी बोलत नाही.

आजींसाठी मुख्य रस्त्यालगत नदीच्या काठाने सकाळी सावली असते, सपाट आहे. घडीची खुर्ची न्या. कांडोळाचं फेरीच्या दिवशी मार्गदर्शकालाच विचारा, नुसतं "भुताचं झाड" म्हणालात तरी कळेल.