सर्व्हो बदलायची घाई नको

तुमच्या रिमोटवरच्या (आरसी) ट्रकला २५ किलो ताकदीचा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, बसवूनही दगडात अडकलं की चाकं वळत नाहीत, म्हणताय. माझ्याही ट्रकचं हेच रडगाणं होतं. सर्व्हो बिचारा निर्दोष निघाला. स्पीड कंट्रोलरमधला बीईसी, म्हणजे सर्व्होला वीज पुरवणारा भाग, जोर लागला की दम टाकायचा. वेगळा बीईसी लावला आणि सर्व्होला झेपेल तेवढा व्होल्टेज थेट दिला, तेव्हा फरक कळला.

सर्व्हो सेव्हर (धक्के झेलणारा स्प्रिंगचा हॉर्न) असेल तर तोही काढा. स्प्रिंगच जोर खाते. त्याजागी धातूचा हॉर्न (सर्व्होवर बसणारा छोटा हात) लावा, पण सर्व्होच्या दांड्यावरचे दात मोजून घ्या, २५ की २४. मग चाकं पूर्ण वळवून कान द्या: सर्व्हो गुणगुणत राहिला तर रिमोटवरचा एंड पॉइंट (चाक कुठपर्यंत वळेल ती मर्यादा) थोडा कमी करा, नाहीतर मोटर जळेल.

पुढचा डिफ (डिफरन्शियल) लॉक आहे का, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात का? त्यानेही वळायला जड जातं.