आतड्याची सूज : पॉलिफेनॉलच्या कॅप्सूल द्याव्यात का? आजच उत्तर हवंय

पाथर्डी_फाटा
धाकट्या भावाच्या आतड्याला सूज आहे. मावसभावाने पॉलिफेनॉलच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. "झाडपाल्याचंच आहे, अपाय होत नाही" म्हणतो. भाऊ उद्या सकाळपासून सुरू करणार म्हणून हटून बसलाय. नेटवर एक जण अमृत म्हणतो, दुसरा म्हणतो लिव्हर खराब होतं. द्यायच्या की नाही, तेवढं सांगा. आणि हळद, द्राक्षं, डाळिंब यांत तेच असतं ना, मग घरचंच दिलं तर भागेल का? कृपया लिंका टाकू नका, वाचून वाचून डोकं उठलंय.

फार्मसीवाली
ताई, सूज म्हणजे नेमकं काय निदान झालंय? अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा), क्रोन्स (पचनमार्गात कुठेही होणारी तशीच दीर्घकाळची सूज), की नुसतं इन्फेक्शन? कोणती औषधं चालू आहेत? कॅप्सूलमध्ये काय काय आहे? पॉलिफेनॉल हे एका पदार्थाचं नाव नाही, वनस्पतींतल्या हजारो रसायनांचा गट आहे तो.

निफाडकर
काळी द्राक्षं द्या, सालीसकट. रेझव्हेराट्रोल, म्हणजे द्राक्षातलं पॉलिफेनॉल, सालीतच असतं. आमच्या घरी सीझनभर हेच चालतं, पोटाची तक्रार कोणाला नाही.

सिडको_सकाळ
मलाही हाच त्रास होता. सकाळी चार वेळा जावं लागायचं, टेन्शन आलं की जास्त. दूध आणि मिसळ बंद केली, इसबगोल सुरू केलं, खडखडीत बरा झालो. कॅप्सूलची गरजच नाही.

फार्मसीवाली
दादा, तुमचं आयबीएस असावं, म्हणजे आतड्याच्या कामातला बिघाड. त्यात आतड्याला जखमा नसतात. ताईंच्या भावाचं तेच आहे असं धरून चालू नका. शौचातून रक्त पडतं का, हे कळलं पाहिजे.

पाथर्डी_फाटा
रक्त पडतं हो, म्हणून तर कोलोनोस्कोपी केली. अल्सरेटिव्ह कोलायटिस. गोळ्या चालूच आहेत.

पंचवटीतला_वैद्यपुत्र
रक्त असेल तर कुटज. कुड्याच्या सालीला तोड नाही. जोडीला डाळिंबाची साल ताकातून. वडिलांकडे असे कितीतरी रुग्ण आले आणि बरे होऊन गेले. ही इंग्रजी नावांची कॅप्सूल कशाला?

सूक्ष्मजीव_शिक्षक
वैद्यपुत्र, डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन नावाचं पॉलिफेनॉल भरपूर असतं, हे खरंच. पण पुढची गंमत बघा. बहुतेक पॉलिफेनॉल लहान आतड्यात फारसं शोषलंच जात नाही, तसंच मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू ते फोडतात. डाळिंबातल्या या घटकांपासून ते युरोलिथिन बनवतात, आणि सूज कमी करण्याचे, आतड्याचं अस्तर घट्ट ठेवण्याचे गुण त्या युरोलिथिनमध्ये प्रयोगशाळेत दिसलेत. मात्र ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. त्यामुळे तेच डाळिंब एकाला लागू पडेल, शेजारच्याला नाही. "आमच्याकडे सगळे बरे झाले" यावरून या भावाचं काही ठरवता येत नाही. शिवाय कोलायटिस मधूनमधून आपोआपही शांत होतो.

पंचवटीतला_वैद्यपुत्र
आपोआप शांत होतो म्हणे. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव तुम्ही एका ओळीत उडवलात.

सूक्ष्मजीव_शिक्षक
उडवला नाही. म्हणूनच एका गटाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं काहीतरी देऊन ताडून बघावं लागतं. हळदीतल्या कर्क्युमिनबाबत ते झालंय. जपानमध्ये २००६ साली शांत झालेल्या कोलायटिसच्या ८९ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून रोज २ ग्रॅम कर्क्युमिन, सहा महिने. शेवटी हिशेबात धरलेल्या ८२ जणांत कर्क्युमिनवाल्या ४३ पैकी दोघांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात ३९ पैकी आठांचा. उलट दिल्लीच्या एम्सने रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, २०१७ साली निकाल छापला : काही फरक नाही. म्हणजे मात्रा महत्त्वाची असावी, आणि नेहमीचं औषध सोडायचं नाही.

ओझरची_सून
मग हळदीचं दूध दिवसातून तीनदा द्यायचं. मिरपूड टाकून हं, त्याशिवाय लागू पडत नाही.

फार्मसीवाली
वहिनी, हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळद घेतली तरी ९० मिलिग्रॅमच्या आसपास. २ ग्रॅम गाठायला रोज वीसेक चमचे लागतील. रेझव्हेराट्रोलचंही तेच. इराणमध्ये २०१५ साली कोलायटिसच्या रुग्णांना रोज ५०० मिलिग्रॅम दिलं होतं. किलोभर द्राक्षांत ते मोजके मिलिग्रॅमच असतं. निफाडकर काका, द्राक्षं खावीत, छानच आहेत, पण औषध म्हणून नाही.
आणि मिरीतलं पायपरिन कर्क्युमिन रक्तात पोचवतं, ते ठीक. इथे दुखणं मोठ्या आतड्यात आहे, माल तिथेच हवाय. वर पायपरिनमुळे बाकीच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढतं. म्हणून परत विचारते ताई, गोळ्या कोणत्या?

सातपूर_शिफ्ट
द्राक्षांवरचे फवारे विसरलात सगळे. त्यानेच पोटं बिघडलीत.

निफाडकर
भाऊ, एक्स्पोर्टच्या बागेचा रेसिड्यू तपासल्याशिवाय कंटेनर हलत नाही. बाजारभाव पडला की लोकांना फवारे आठवतात. बागेत येऊन बघा एकदा, मग बोला.

पाथर्डी_फाटा
द्राक्षांचा धागा वेगळा काढा ना, हात जोडते. गोळ्या : मेसालामिन आणि अझाथायोप्रिन. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलंय : कर्क्युमिन अर्क ५०० मिग्रॅ, ग्रीन टी अर्क ३०० मिग्रॅ, द्राक्षबी अर्क १०० मिग्रॅ, पायपरिन ५ मिग्रॅ. दिवसातून दोन. मागच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) वाढून ९६ आलंय. डॉक्टर म्हणाले पुन्हा करू. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

फार्मसीवाली
संबंध आहे, आणि मोठा आहे. अझाथायोप्रिनने, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज आवरणाऱ्या गोळीने, मुळात लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणूनच रक्त वरचेवर तपासतात. ग्रीन टीच्या अर्काने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. हळदीच्या कॅप्सूलनेही झाल्यात, आणि पायपरिन घातलेल्यांत विशेष. कपातला चहा आणि भाजीतली हळद वेगळी, हा अर्क वेगळा. आता सुरू केलं आणि एसजीपीटी अजून वाढलं, तर कोणामुळे वाढलं हे डॉक्टरांना कळणार नाही, आणि उपयोगाचं अझाथायोप्रिन नाहक बंद करावं लागेल. बाटली उघडू नका. लेबलचा फोटो आजच डॉक्टरांना पाठवा. कर्क्युमिन घ्यायचंच असेल, तर पुढचा रिपोर्ट आल्यावर, नुसतं कर्क्युमिन, तेही त्यांच्या नजरेखाली.

पंचवटीतला_वैद्यपुत्र
एसजीपीटी वाढलेलं असेल तर मीही आत्ता काही देणार नाही. हे आधी सांगायला हवं होतं.

पाथर्डी_फाटा
फोटो पाठवला. डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं, सोमवारी रक्त तपासणार. भाऊ चिडलाय, पण ऐकेल. मग खायला काय देऊ? त्याला काहीतरी आपलं आपण करतोय असं वाटायला हवं.

सूक्ष्मजीव_शिक्षक
रक्त पडतंय तोवर मऊ भात, मुगाचं वरण, रोजच्या फोडणीतली हळद. डाळिंबाचा रस गाळून, थोडा, सोसला तर. बिया आणि भाकरीचा कोंडा नंतर. सूज उतरली की नागलीची आंबील सुरू करा. त्र्यंबक-पेठकडची नागली सहज मिळते, तिच्या टरफलातही पॉलिफेनॉल चांगलं असतं. हिमोग्लोबिन किती आहे?

पाथर्डी_फाटा
९.८. लोहाची गोळी चालू आहे, सकाळी चहाबरोबर घेतो.

फार्मसीवाली
चहाबरोबर नको. चहातलं पॉलिफेनॉलच लोहाला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. गोळी साध्या पाण्याने किंवा लिंबाच्या पाण्याने, आणि चहा दीड-दोन तासांनी.