‘नाट्यसंगीत’ म्हणता येत नाही, मग काय म्हणावं?

पडद्यामागे:
आमच्या श्रवणगटासाठी मराठी टिपणं लिहितेय, मदत हवी. थॉमस ॲडेस या ब्रिटिश संगीतकाराने शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’वर ऑपेरा केला. २००४ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तो पहिल्यांदा झाला. पुढच्या वर्षी त्याच ऑपेरातून त्यांनी क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांच्यासाठी सहा छोटे तुकडे काढले. नाव ‘कोर्ट स्टडीज फ्रॉम द टेम्पेस्ट’. गायक नाहीत, शब्दही नाहीत. नाटकावरून सुचलेल्या, मोजक्या वादकांच्या अशा चेंबर म्युझिकला मराठीत काय म्हणायचं? ‘कक्षसंगीत’ वाचलंय, पण बोलताना तो शब्द कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. शीर्षकाचं काय करायचं, तेही सुचवा.

ओळंबा:
‘नाट्यसंगीत’ मात्र अजिबात नको. १८८० साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात उभं राहिलं, तेव्हापासून त्या शब्दावर पदांचा हक्क आहे. वाचणाऱ्याच्या कानात लगेच ऑर्गन सुरू होईल. ‘पार्श्वसंगीत’ही नको, कारण इथे पुढे काही चाललेलंच नाही.

दर्यावर्दी:
सरळ ‘चेंबर म्युझिक’ लिहा की. ऐकणाऱ्यांना कळतं.

ओळंबा:
जे आधीपासून ऐकतात त्यांना कळतं. बाकीच्यांच्या लेखी चेंबर एकतर वकिलाचं असतं, नाहीतर रस्त्यातल्या गटाराचं. टिपण नवख्यांसाठी असेल तर एकदा तरी मराठीत उलगडून सांगायलाच हवं.

मंद्रसप्तक:
‘कक्ष’वर अडण्यात अर्थ नाही. खोलीचा संबंध इतिहासापुरता उरलाय. हे संगीत आज मोठमोठ्या सभागृहांतही वाजतं. त्याची खरी खूण म्हणजे एका वादकाकडे एकच स्वतंत्र ओळ. ऑर्केस्ट्रात दहाबारा व्हायोलिनं मिळून एक ओळ वाजवतात, इथे तुमची ओळ उचलायला दुसरं कुणी नसतं. बहुधा पुढे कंडक्टरही नसतो. एकमेकांच्या श्वासावर, मानेच्या हालचालीवर सगळे एकत्र सुरू होतात.

म्हणूनच ‘बैठकीचं संगीत’ किंवा ‘मैफल’ हे शब्द जवळचे वाटले तरी मला पटत नाहीत. मैफलीत एक मुख्य कलाकार असतो आणि बाकीचे साथीला. ‘साथ’ हा आपल्याकडचा फार सुंदर शब्द आहे, मला तो प्रिय आहे, पण तो इथे लावला तर रचनेचा अर्थच बदलतो. ॲडेसच्या तुकड्यांत पियानो क्लॅरिनेटला साथ करत नाही. चौघेही बोलतात, अडवतात, गप्प बसतात, मध्येच दुसऱ्याचं वाक्य उचलतात. गायक काढून टाकल्यावर पात्रं वाद्यांत शिरली आहेत. ‘जुगलबंदी’ही नाही, कारण तिथे चढाओढीची अपेक्षा तयार होते.

माझा शब्द ‘संच’. आपल्या नाटकवाल्यांचाच आहे: ‘नव्या संचात’ अशी जाहिरात आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. संचातल्या प्रत्येकाला भूमिका असते आणि एक नट आजारी पडला की प्रयोग रद्द होतो. म्हणून ‘संचवादन’. नाटकाशी नातं सांगायचं तर ‘नाट्यप्रेरित संचवादन’. पहिल्यांदा वापराल तिथे ‘चेंबर म्युझिक’ जोडून लिहा, पुढे नुसता ‘संच’ चालेल. क्वार्टेटसाठीही ‘चौघांचा संच’ म्हणा. ‘चौकडी’ म्हटलं की आपल्याकडे आधी चांडाळचौकडी आठवते.

जाता जाता, ॲडेसने घेतलेली चार वाद्यं म्हणजे मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराने १९४१ मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीत सादर केलेल्या चतुष्टयाचीच. टिपणात ही ओळ जरूर घाला, एकापाठोपाठ ऐकायला फार छान जोडी आहे.

दर्यावर्दी:
मग एकट्या गिटारसाठीची रचना संचात बसेल का? हान्स वेर्नर हेन्झे या जर्मन संगीतकाराच्या ‘रॉयल विंटर म्युझिक’मध्ये शेक्सपिअरची पात्रंच आहेत. पहिला सोनाटा ज्युलियन ब्रीम या गिटारवादकासाठी लिहिलेला, त्यात ग्लॉस्टर, एरिअल, ऑफेलिया वगैरे. दुसऱ्यात वेडी झालेली लेडी मॅकबेथ.

मंद्रसप्तक:
नाही, ते एकलवादन. एकटा वादक सगळी पात्रं उभी करतो, म्हणजे ‘एकपात्री’ला जास्त जवळ. पण त्या नावातला ‘विंटर’ मराठीत आणणं अवघड आहे. तो ‘तिसरा रिचर्ड’ नाटकाच्या पहिल्याच ओळीतून आलाय, तिथे तो असंतोषाचा, गोठवणारा काळ आहे. आपला हिवाळा गुलाबी थंडीचा आणि हुरड्याचा. छळणारा ऋतू म्हणजे वैशाख. ‘राजेशाही हिवाळा’ असं लिहिलंत तर महाबळेश्वरची सहल वाटेल. ‘शिशिर’ म्हटलं तर निदान पानगळ डोळ्यांपुढे येते.

पडद्यामागे:
‘संच’ घेतला! आता ‘कोर्ट स्टडीज’. ‘दरबारी अभ्यास’ लिहून खोडलं.

ओळंबा:
बरं केलंत, ‘दरबारी’ म्हटलं की कानडा सुरू होईल. आणि ‘अभ्यास’ला वहीचा वास आहे. चित्रकलेच्या अर्थाने ‘रेखाटनं’ म्हणावं, तर ती मोठ्या चित्राच्या आधी होतात आणि हे तुकडे ऑपेरानंतरचे आहेत. ‘दरबारातली व्यक्तिचित्रं’ कसं वाटतं? हा दरबार नेपल्सचा, जहाज फुटून बेटावर फेकला गेलेला. बेटावर आधीपासून राहणाऱ्या प्रॉस्परो, मिरांडा, कॅलिबन यांच्या नावाचा एकही तुकडा नाही, हे ‘दरबारातली’ शब्दाने आपोआप कळतं.

पडद्यामागे:
पहिला तुकडा ‘द फॉल्स ड्यूक’. ‘तोतया ड्यूक’?

मंद्रसप्तक:
तोतया दुसऱ्याचं नाव घेऊन येतो. पानिपतानंतर ‘मीच सदाशिवरावभाऊ’ म्हणत आला तो तोतया. इथला ड्यूक म्हणजे प्रॉस्परोचा भाऊ अँटोनिओ, तो ‘मी प्रॉस्परो आहे’ असं कधीच म्हणत नाही. तो भावाची गादी हडपतो आणि उघडपणे स्वतःच्याच नावाने मिरवतो. ‘गादी बळकावणारा ड्यूक’ लांब होतं, पण खरं आहे. आणखी एक तुकडा ‘काउन्सेलर’, म्हणजे राजाला सल्ला देणारा गोंझालो, त्याला ‘अमात्य’ शोभेल. ‘सल्लागार’ म्हटलं की हल्ली गुंतवणूक सल्लागार आठवतो.

दर्यावर्दी:
शेवटचा ‘द किंग्ज ग्रीफ’. नुसतं ‘राजाचं दुःख’ फिकं वाटतं. राजा अलोन्झोला वाटत असतं की मुलगा बुडाला. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘पुत्रशोक’.

पडद्यामागे:
पण फर्डिनांड तर जिवंत आहे. वाचणाऱ्याची दिशाभूल नाही का होणार?

दर्यावर्दी:
राजाचीही तीच झालेली आहे. मुलगा जिवंत असल्याचं टिपणात सांगू नका. नाटक ठाऊक नसणाऱ्यांनी तो तुकडा राजाच्या बाजूने ऐकू दे.