पोमोडोरो जमत नाहीये, माझ्यातच खोट आहे का?

वहीखातं: घरून जीएसटी रिटर्न आणि हिशेबाचं काम करतो, ३४ क्लायंट, बहुतेक दुकानदार. सगळे सांगतात म्हणून पोमोडोरो सुरू केलं, २५ मिनिटं काम ५ मिनिटं ब्रेक. होतं काय, बँक स्टेटमेंट टॅली करताना १७ रुपये ७० पैशांचा फरक शोधत असतो, लिंक लागली की टायमर वाजतो, आणि तो नाही वाजला तर फोन, "दादा बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलीत बघा". याआधी दोन अ‍ॅप आणि एक महागडी डायरी झाली, नव्याचे नऊ दिवस. ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न, आणि १९ च्या रात्री मी दोनपर्यंत जागा, दर महिन्याला.

अर्धवट_प्रबंध: पोमोडोरो काढलं फ्रान्चेस्को सिरिलोने, ८० च्या दशकाच्या शेवटी, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेऊन बसला. म्हणजे मुळात हे माझ्यासारख्या, बसायचाच कंटाळा असलेल्यांचं औषध. तुमचं दुखणं ते नाहीच, तुम्ही बसलेलेच असता की.

नट_बोल्ट: मी चाकणला प्लॅनिंगमध्ये आहे, आमच्याकडे टोयोटावाल्यांचं कानबान चालतं, कार्ड परत आल्याशिवाय पुढचा माल बनवायचा नाही. घरी त्याचं सोपं रूप करा, कपाटाच्या दारावर तीन रांगा, आलंय, हातात, अडकलंय. प्रत्येक क्लायंटची एक चिठ्ठी, आणि "हातात" मध्ये तीनच्या वर चिठ्ठी नको म्हणजे नको. माझा अंदाज, तुमची निम्मी कामं तुमच्याकडे अडकलेलीच नसणार, बिलांची वाट बघत असणार, तिथे टायमर काय करणार?

काजबटण: बोर्ड ठीक आहे हो पण फोनचं काय? माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, कटिंग चालू असताना कोणी बोललं की मुंढा चुकलाच समजा. म्हणून सकाळी अर्ध शटर खाली ठेवून फक्त कटिंग, गिऱ्हाईक चारनंतर. सुरुवातीला दोघी रुसल्या, परत आल्या. आणि दिवाळीचं कापड अमुक तारखेनंतर घेत नाही, दारावरच लिहिलंय. तुम्ही पण सांगा की, ५ तारखेनंतर बिलं आली तर पुढच्या महिन्यात धरणार.

वहीखातं: ताई, पुढच्या महिन्यात ढकललं तर त्यांच्या गिऱ्हाइकाला २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत, बिल दिसत नाही, मग खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट अडकतं आणि शिव्या मला 😅 पण सकाळी फोन सायलेंटवर ठेवून बघतो. चिठ्ठ्या लावल्या, "अडकलंय" मध्ये १९ निघाल्या!! त्या १९ जणांना आत्ताच एकगठ्ठा मेसेज टाकला, सहा जणांची बिलं आली पण.

नट_बोल्ट: आणि ते १७.७०?

वहीखातं: सापडले. बँकेचा एसएमएस चार्ज, १५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी. जीएसटीवाल्यालाच दिसला नाही, बोला आता.