डाउनलोड केलेल्या पीडीएफचा प्रिव्ह्यू येत नाही, पेनड्राइव्हवरून आणली की येतो??

तारखेवर तारीख:
विंडोज ११ आहे. टॅक्सचं काम करतो, क्लायंट लोक मेलवर बिलं टाकतात ती डाउनलोड करून एक्सप्लोररच्या प्रिव्ह्यू पेनमध्येच भराभर बघून घ्यायचो, आता तिथे फाइल कॉम्प्युटरला धोकादायक ठरू शकते असला मेसेज येतो, डबल क्लिक केलं तर मात्र निमूट उघडते. तीच फाइल पेनड्राइव्हवर टाकून परत आणली की प्रिव्ह्यू हजर. अँटीव्हायरसला काहीच सापडत नाही. काय भानगड आहे?

रातकिडा:
व्हायरस नाहीये, ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनेच नेटवरून आलेल्या फाइलींचा प्रिव्ह्यू बंद केलाय, कारण नुसत्या प्रिव्ह्यूमधूनही विंडोजच्या लॉगिनचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) बाहेर जाऊ शकत होता. ब्राउझर डाउनलोड करताना फाइलला 'मार्क ऑफ द वेब', म्हणजे नेटवरून आल्याची खूण चिकटवतो, झोन डॉट आयडेंटिफायर नावाचा लपलेला तुकडा असतो तो, आत झोनआयडी ३ लिहिलेलं असतं, ३ म्हणजे इंटरनेट. हे एनटीएफएसवर (विंडोजच्या डिस्कवर फाइली साठवायची पद्धत) टिकतं, पेनड्राइव्हवर बहुतेक एफएटी३२ नाहीतर एक्सफॅट ही वेगळी पद्धत असते, तिथे ते गळून पडतं.

तारखेवर तारीख:
अच्छा! मग दरवेळी पेनड्राइव्ह फिरवत बसू का 😅

जुना_माऊस:
नको हो. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबच्या तळाशी अनब्लॉक, टिक करून ओके. ढीगभर असतील तर त्या फोल्डरमध्ये पॉवरशेल (कमांड टाइप करायची विंडो) उघडा आणि डिर स्टार डॉट पीडीएफ, मग पाइपची उभी रेघ, मग अनब्लॉक-फाइल. लगेच फरक दिसला नाही तर एकदा साइन आउट करून या. झिप असेल तर आधी झिपच अनब्लॉक करा आणि मग एक्स्ट्रॅक्ट करा, नाहीतर आतल्या सगळ्यांना तीच खूण लागते. आणि खूण आहे की नाही बघायचं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये डिर स्लॅश आर.

रातकिडा:
फक्त अख्खं डाउनलोड्स फोल्डर सरसकट अनब्लॉक करू नका बुवा. मॅक्रोवाल्या (आत छोटे प्रोग्रॅम असलेल्या) एक्सेल फाइली २०२२ पासून याच खुणेवर अडवल्या जातात, आणि तुमच्याकडे तर कोणीही 'इनव्हॉइस' म्हणून काहीही पाठवणार. ओळखीच्या क्लायंटचं वेगळं फोल्डर करा, कमांड तेवढ्यावरच चालवा.

तारखेवर तारीख:
केलं, साइन आउट केल्यावर आला प्रिव्ह्यू. दोघांना धन्यवाद