‘फिक्स्ड डोनेशन’ला मराठीत काय म्हणायचं? देणगी, दक्षिणा की सरळ दर?

फोंडेकार:
मंडळी, एका शब्दावर गाडी अडलीय. सायंटॉलॉजी नावाच्या अमेरिकेतल्या पंथाचा पैसा कसा येतो आणि कुठं जातो यावरचा एक लांबलचक लेख मराठीत करतोय आणि पहिल्याच पानावर ‘फिक्स्ड डोनेशन’ आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्यांच्यात ‘ऑडिटिंग’ म्हणून एक प्रकार असतो, माणूस ई-मीटर नावाच्या यंत्राचे दोन डबे हातात धरून बसतो आणि समोरचा प्रश्न विचारत जातो, आणि याचे पैसे तासावर. तासांच्या संचाला ‘इंटेन्सिव्ह’ म्हणतात, साडेबारा तासांचा सगळ्यात लहान, १९७२ साली त्याला ६२५ डॉलर, आणि १०० तासांच्या मोठ्याला ४,२५०. आगाऊ भरले तर ५ टक्के सूट! फुकट कुणाला द्यायचंच नाही असा नियम, कारण काही घेतलं तर काही परत द्यायलाच हवं हे म्हणे त्यांचं तत्त्वच आहे. एवढं सगळं असून कागदावर नाव मात्र डोनेशन.

आता ‘ठरलेली देणगी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार कुणीतरी खुशीनं दिले. ‘शुल्क’ लिहिलं तर मीच निकाल देऊन मोकळा झालो असं होतं, कारण ही देणगी की किंमत यावरच तर अमेरिकेत वर्षानुवर्षं भांडण झालं. सुचवा कायतरी.

आंतरुजी_बाय:
दक्षिणा. एवढा विचार कसला करताय? दक्षिणा ही मुळात खुशीची नव्हेच, विधीचा तो भाग आहे, आणि वेदकाळात तर ती गाय असायची. गीतेच्या सतराव्या अध्यायात ‘अदक्षिणम्’ म्हणजे दक्षिणेविना केलेला यज्ञ तामस म्हटलाय. म्हणजे फुकट नाही हे आपल्याकडेही आहेच की.

फोंडेकार:
बाय, मलाही आधी तोच सुचला होता पण दक्षिणेला ‘यथाशक्ती’ चिकटलेलं असतं ना. आमच्या घरी सत्यनारायण झाला की बाबा विड्यावर नोट ठेवतात, भटजी तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत, उपरण्यात गुंडाळतात आणि मग बाहेर स्कूटरकडे गेल्यावर मोजतात, हे मी लहानपणी खिडकीतून कितीदा बघितलंय. कमी निघाले तरी परत येऊन कधी काही बोलले नाहीत. आणि आगाऊ दिले म्हणून ५ टक्के सोडणारा भटजी तर मी अजून बघायचाय.

पेडण्याचो:
भटजींचं सोडा हो, देवळाच्या ऑफिसबाहेरचा फलक बघा की. अभिषेक इतके, लघुरुद्र इतके, शाश्वत पूजा इतके, आणि वर रकान्याला नाव काय तर ‘देणगी रु.’ खिडकीतला माणूस पावती फाडतो, तीवर पण देणगीच. मग सायंटॉलॉजीवाल्यांनी काय वेगळं केलं? उगाच त्यांना हसताय.

आंतरुजी_बाय:
वेगळं हे की पैसे नाहीत म्हणून देव दार लावून घेत नाही. लघुरुद्र नको असला तर नमस्कार करून प्रसाद घेऊन घरी ये, कोण विचारत नाही. त्यांच्यात पुढच्या पायरीवर काय आहे ते पैसे भरल्याबगर कळतच नाही.

मडगांवकार:
मी वकिलीत आहे म्हणून तोंड घालतो. हा वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला होता, हर्नांडेझ विरुद्ध कमिशनर, १९८९. ऑडिटिंगला भरलेले पैसे देणगी म्हणून आयकरातून वजा मिळतात का, एवढाच प्रश्न. ५ विरुद्ध २ नं निकाल लागला, मिळत नाहीत, कारण पैसे दिले आणि त्याच्या बदल्यात ठरलेली गोष्ट घेतली, हा देवाणघेवाणीचा व्यवहार झाला. आणि बाय, याला शब्द तुमच्याच सतराव्या अध्यायात थोडा पुढं सापडतो बघा. सात्त्विक दान ‘अनुपकारिणे’ म्हणजे परतफेड न करणाऱ्याला दिलेलं, आणि ‘प्रत्युपकारार्थम्’ दिलेलं ते राजस. आयकरवाल्यांनी गीता वाचली नव्हती पण आले तिथंच.

पण पेडण्याचोचा मुद्दा मला फेकून देण्यासारखा वाटत नाही. दोन विरोधी न्यायाधीश नेमकं तेच म्हणत होते, की चर्चमधल्या बाकाचं भाडं, मीसासाठी म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी दिलेले पैसे, मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या लोकांचा दशमांश हे सगळं तुम्ही देणगी धरता मग यांनाच का अडवता. आमच्या शेजारची बाई दरवर्षी नवऱ्याच्या नावानं मीस सांगायला जाते, पाकीट देते, तिला विचारा ‘तू मीस विकत घेतलंस काय’, झाडू घेऊन येईल. गंमत म्हणजे कोर्टात हरले तरी १९९३ साली आयकर खात्यानं त्यांना धर्मसंस्था म्हणून करमाफी दिली, १९६७ मध्ये ती काढून घेतली होती. समेटात सायंटॉलॉजीवाल्यांनी सव्वा कोट डॉलर भरले हे पुढं १९९७ ला पेपरात आलं.

फोंडेकार:
वा, म्हणजे ‘प्रत्युपकार’ टिपून ठेवतो, तळटीपेत तरी घालीन.

हातासरशी अजून दोन शब्द विचारतो. एक म्हणजे नवीन माणूस आणून दिला की त्यानं भरलेल्या पैशातले १० ते १५ टक्के आणणाऱ्याला मिळतात, ते मी ‘दलाली’ लिहिलंय. दुसरा जास्त अवघड. त्यांची १९८४ ला काढलेली एक संघटना आहे, तिला ५० हजार डॉलर दिले की ‘पेट्रन’, अडीच लाख दिले की त्याहून मोठी पदवी. इथं बदल्यात ऑडिटिंगबिडिटिंग काही नाही, नुसता मान. ‘महाजन’ चालेल?

पेडण्याचो:
महाजन अजिबात नको!! गोव्यात महाजन म्हणजे देवस्थानाचं कूळ, तो जन्मानं होतो, पैसे देऊन नव्हे. १९३३ च्या पोर्तुगीज रेग्युलेशनपासून नावं वहीत चढवलेली आहेत. आणि घाटावर महाजन म्हटलं तर लोकांना सावकार आठवणार. दोन्हीकडून घोटाळा.

मडगांवकार:
फेस्ताचो प्रेझिदेंत, म्हणजे चर्चच्या जत्रेचा यजमान :) खर्च त्याचा, बँड त्याचा, आणि मान पण त्याचा. पण सांगलीच्या वाचकाला कळायचं नाही. आश्रयदाता लिहा.

आंतरुजी_बाय:
दलालीला माझी हरकत. दलाली म्हणजे ‘हा धंदा आहे’ असा शिक्का मारल्यासारखं होतं. शुल्क नको म्हणालात ना, मग इथं दलाली कशी चालते? कमिशन लिहा, तो शब्द आता मराठीच झालाय आणि त्याला वास नाही.

फोंडेकार:
पटलं. कमिशन.

मडगांवकार:
थोडं विषयाबाहेर, पण जपानीत यावर फार नेमका शब्द आहे, ‘रेइकान शोहो’, रेइकान म्हणजे दैवी प्रेरणेसारखं काहीतरी आणि शोहो म्हणजे विकायची रीत. युनिफिकेशन चर्च या कोरियात निघालेल्या पंथाच्या विक्रीला तिथं हे नाव पडलं. तुमच्या पूर्वजांच्या पापामुळं घरात आजारपण आहे असं सांगून संगमरवरी कलश, शिक्के, छोटे पॅगोडे वाट्टेल त्या किमतीला गळ्यात मारायचे. २०२२ ला जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबेंना मारणाऱ्याचा रागही तिथलाच, आईनं दिलेल्या पैशात घर बुडालं. २०२५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या कोर्टानं त्या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश काढला. मराठीत याला एक शब्द आहे?

आंतरुजी_बाय:
तोडगा विकणे. पितृदोष सांगितला की तोडगा आलाच.

पेडण्याचो:
मूळ प्रश्नावर येतो. काल रात्री अचानक आठवलं म्हणून आज माळ्यावरची पेटी उघडली. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचं एक तिकीट सापडलं, गुलाबी कागद, जांभळा रबरी शिक्का अर्धा पुसलेला, आणि कोपऱ्यात छापलंय: ‘देणगीमूल्य रु. १०’. घ्या! देणगी पण आणि मूल्य पण. बाबा सांगायचे की तिकीट म्हटलं तर करमणूक कर लागेल म्हणून असं छापायचे. दहा रुपये दिल्याशिवाय मांडवात खुर्ची मिळायची नाही हे सगळ्यांना माहीत, पण शब्द देणगीच.

फोंडेकार:
अरे बापरे. हाच. नेमका हाच पाहिजे होता! नाव देणगीचं, आकडा ठरलेला, आणि कारणसुद्धा कर!! दक्षिणा, शुल्क सगळं रद्द, आणि मला कुठल्या बाजूनं निकाल द्यायची गरज पण उरत नाही, शब्दातच दोघं भांडत बसलेत.

आंतरुजी_बाय:
कबूल, दक्षिणा मागे घेते. पण माझा भाऊ म्हणतो पुण्यातल्या वाचकाला देणगीमूल्य म्हटलं की फक्त नाटकाचं तिकीट आठवेल.

पेडण्याचो:
आठवूं दी की, बरंच आहे.

फोंडेकार:
आता शेवटचं, तिकिटावर ‘देणगीमूल्य’ जोडून होतं की तोडून? आणि अनेकवचन करायची वेळ आली तर ‘देणगीमूल्यं’ वाचायला विचित्र वाटतं, तिथं सरळ ‘देणगीमूल्याचे दर’ लिहू काय?

पेडण्याचो:
जोडून. फोटो पाठवतो, पण १० मधला शून्य झुरळानं खाल्लाय.