मदत हवी आहे: म्युनिक – न्युरेनबर्ग – रेगेन्सबुर्ग एका दिवसात, कुठलं तिकीट काढू?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन चार दिवस म्युनिकला आहोत. ते दोघं, आम्ही दोघं. त्यातला एक दिवस रेल्वेच्या त्रिकोणासाठी ठेवलाय: सकाळी न्युरेनबर्ग, दुपारी रेगेन्सबुर्ग, रात्री परत म्युनिक.

घोडं अडलंय तिकिटावर. बायर्न-टिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया, त्या राज्यात चालणारं एका दिवसाचं तिकीट) पाच जणांपर्यंत एकच निघतं, दिवसभर कुठेही चढा-उतरा, शिवाय तिन्ही शहरांतल्या बसही त्यातच. त्यावर आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या, चालत नाहीत, फक्त प्रादेशिक गाड्या. म्हणजे न्युरेनबर्गला सव्वा तासाऐवजी पावणेदोन तास. ते एक वेळ चालेल. पण सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी ९ नंतरच लागू होतं, आणि आमचे बाबा साडेसहाला बूट घालून दारात उभे असतात! नऊनंतर निघालो तर न्युरेनबर्गलाच अकरा वाजणार.

शनिवार-रविवारी नऊची अट नाही. पण शनिवारी या गाड्यांत बसायला मिळतं का? आईचे गुडघे दुखतात, इतका वेळ उभं राहणं तिला जमणार नाही.

दुसरा विचार असा, की आडवारी सातच्या सुमारास आयसीईने न्युरेनबर्ग गाठायचं आणि पुढचं सगळं बायर्न-टिकिटावर. त्या आयसीईचं स्पारप्राइस, म्हणजे स्वस्तातलं तिकीट, काढलं की त्याच गाडीला बांधले गेलो. फ्लेक्सप्राइसवर, म्हणजे पूर्ण भाड्याच्या तिकिटावर, त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते, पण चौघांचं फार होतं. गेल्या वर्षी एका प्रवासात असंच ठरलेल्या गाडीचं स्वस्त तिकीट होतं. आई स्वच्छतागृहाच्या रांगेत, आणि गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. चारही तिकिटं नव्याने काढली. तेव्हापासून मी ‘स्वस्त’ म्हटलं की नवरा नुसता बघतो.

कुणी शनिवारी हा मार्ग केलाय का? उलटं, म्हणजे आधी रेगेन्सबुर्ग, सोयीचं पडेल का? न्युरेनबर्गच्या किल्ल्याचा चढ आई ताजीतवानी असतानाच झालेला बरा, म्हणून मी ते आधी घेतलंय. रेगेन्सबुर्गच्या दगडी पुलापर्यंत ती आरामात चालेल. आणि न्युरेनबर्गहून रेगेन्सबुर्गला आयसीईही जाते. घाईत चुकून तिच्यात चढू नये म्हणून पाटीवर आरई किंवा आरबी (प्रादेशिक गाड्यांची खूण) बघितलं की पुरे ना?

‘एका दिवसात दोन-दोन शहरं कशाला’ हा सल्ला सासूबाईंनी फोनवर दिलेला आहे. तो सोडून काहीही सांगा.